विलायतेत बंद, जालन्यात चालू

गॅरेजात भंगार साठतं तसे किस्सेही साठतात. भंगार निदान कुणी वजनावर नेतं. किस्से नेणार कोण? म्हणून तुम्हीच ऐका!

निजामाच्या राज्यात जालन्याला माझं आणि रहीम उस्तादांचं गॅरेज होतं. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या एका गोऱ्या इंजिनियरनं विलायतेहून दोन सीटांची, बुटकी स्पोर्ट्स कार आणलेली. कंपनीनं अशा मोजक्याच गाड्या बनवल्या आणि टाळं लावलं. लढाई लागली, साहेब मायदेशी निघाला, तेव्हा चावी उस्तादांच्या हातात ठेवून गेला.

*

इंजिनाची गळती रोखणारी गॅस्केट फाटली, म्हणून नवीसाठी मी विलायतेला पत्र टाकलं. कुणा वकिलाचं उत्तर आलं, "कंपनी बंद आहे. दुसरी गाडी घ्या."

उस्ताद भडकले. "कंपनी बंद पडली, गाडी न्हाई!"

*

मंग गॅस्केट त्यांनी घरच्या तांब्याच्या घागरीतून कापली. संध्याकाळी भाभी गॅरेजच्या दारात हजर!

"माझी घागर कुठंय?"

"अंबडला जाऊन आली. बिलकुल गळत न्हाई!"

*

जांब समर्थच्या वाटेवर बुटकी गाडी बैलगाड्यांच्या चाकोरीत पोटावर टेकली. शेवटी बैल जुंपले. स्टिअरिंगवर उस्ताद ताठ! लोक हसून राह्यले, "विलायती गाडीला बैल?"

"बैल नवे हायत. त्यांना मोटार शिकवून राह्यलोय!"

*

अमीन, म्हणजे आमचे फौजदार, त्यांनी मेव्हण्याच्या वरातीला गाडी मागितली. उस्ताद म्हणाले, "न्हाई." दोन दिवस कोठडी! मी डबा घेऊन गेल्तो. म्हटलं, "देऊन टाका हो!"

"बापूराव, बनवणाऱ्यानं तिला सोडलं. आता मीपण सोडू?"

सुटताना शिपायाला म्हणतात, "दार लई करकरून राह्यलंय. तेल घालत जा!"

*

महिन्याभरात अमीन लॉरीभर शिपाई घेऊन आले. हातात उर्दू हुकूम: मोटार जप्त करा. संध्याकाळी अमीनांना आपल्या बड्या साहेबांना तिच्यातून मिरवून आणायचं होतं!

आम्हाला आदल्या दिवशीच कुणकुण लागल्ती. ताडपत्रीवर सगळी गाडी मांडून ठेवली होती. चाकं, पिस्टन, स्प्रिंगा, नट न् नट सुटा!

"लो हुजूर, आपकी मोटार," उस्ताद म्हणाले.

अमीन लालबुंद झाले. "जोडो इसको! अभी!"

शिपायांनी लाठ्या सरसावल्या. उस्तादांनी शांतपणे हात पुसले.

"हुकुम में 'जब्त करो' लिखा है हुजूर. 'जोड के देव' किधर लिखा है?"

अमीनांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग उलटून मागची बाजूही वाचली!