तेवढीच वाकडी रेघ

"मॅक्युलर डिजनरेशन," धाराशिवच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच्या मधल्या ठिपक्याची झीज. सुरुवातच आहे, पण झालेली झीज भरून येत नाही, म्हणाल्या. मी येरमाळ्याचा शिंपी. मला एवढंच कळलं, की आता मशीन सुटणार.

खरं तर खूण आधीच मिळाली होती. सरळ मारलेली शिवण मला मध्येच लचकलेली दिसायची. मी मशीनला शिव्या दिल्या. एक शिवण दोनदा उसवली, तेव्हा माझी बायको कौसल्या म्हणाली, "अवं, शिवण सरळच हाय. तुमालाच वाकडी दिसतीया."

डॉक्टरीणबाईंनी चौकटी आखलेला कागद दिला. रोज एकेक डोळा झाकून बघायचा, रेघा जास्त वाकल्या तर लगेच यायचं. शिवाय पालेभाज्या आणि मका खायला सांगितला. त्यांत ल्युटिन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं असतात. तीच आपल्या डोळ्यातल्या त्या ठिपक्यातही असतात. हिरव्या पानात पिवळा रंग कुठला, म्हणून मी हसलो. हिरव्याखाली झाकलेला असतो, म्हणाल्या.

आता पालेभाजीचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. डोळ्याला गाजर चांगलं, हे तर अख्ख्या गावाला ठाऊक. मी कौसल्येशी तह केला: भाजी नको, गाजरं कितीही दे. सकाळी कीस, दुपारी कच्ची, संध्याकाळी रस. दोन महिन्यांत माझे तळहात पिवळे झाले.

मग काय, घरभर कावीळ, कावीळ! तेल बंद, हळद बंद, उसाचा रस सुरू. थोरल्या वहिनींनी कावीळ उतरवणाऱ्या एका जाणत्याला बोलावलं. त्यानं चुन्याच्या पाण्यानं माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं आणि सगळ्यांची खात्री पटली. गाजरं मात्र चालूच. "डोळ्याचं औषध हाय ते, कसं बंद करू?" कौसल्या म्हणायची.

पिवळेपणा हटेना, तेव्हा तिनंच मला पुन्हा धाराशिवला नेलं. रक्त तपासलं. काविळीत वाढतं ते बिलिरुबिन ठीक निघालं.

"डोळ्यांचं पांढरं तर स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा कॅरोटेनेमिया. गाजराचा रंग कातडीत उतरलाय. गाजरं कमी करा, जाईल. पण मी पालेभाजी सांगितली होती ना? आणि तेल का तोडलं? हे रंग तेलात विरघळतात, तेव्हाच अंगी लागतात. चमचाभर फोडणी हवीच."

बाहेर बाकड्यावर कौसल्या रडायला लागली. "म्याच तुमचं डोळं घालवलं."

"तू न्हाय. भाजी म्या टाळली," मी म्हणालो. लग्नाला तीस वर्षं झाली, चूक कबूल करायची माझी ही पहिलीच खेप.

तेव्हापासून करडईची भाजी, मेथी, तांदुळजा, लसणाच्या फोडणीत. करडई अजूनही आवडत नाही, पण खातो. तुमच्यापैकी कुणाला सरळ रेघ वाकडी दिसली, तर मशीनला दोष देऊ नका. दवाखाना गाठा आणि सांगितलंय तेच खा.

गेल्या आठवड्यात वर्षाची तपासणी झाली. "झीज वाढलेली नाही. भाजीमुळंच, असं मी म्हणणार नाही. पण सोडू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रोज सकाळी कौसल्या माझ्यासाठी दहा सुया ओवून ठेवते, मग तो कागद समोर धरते. आजही धरला.

"कशी दिसती रेघ?"

"वाकडी."

"किती?"

"तेवढीच."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि करडई निवडायला बसली.