वरच्या पट्टीवरचे दात

कारखान्यात त्याला सगळे मखमल म्हणत. फर्निचरच्या त्या कारखान्यात त्यानं उभी हयात लाकूड घासलं. दुसरे कापायचे, रंधा मारायचे, जोडायचे. शेवटी सगळं याच्यासमोर यायचं आणि गुळगुळीत होऊन जायचं. मखमलनं घासलेल्या टेबलावरून माशी घसरते, असं सोबती सांगत. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं कमी नव्हतं. स्वभावानं मात्र गडी निव्वळ काथ्या. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर जीभ झिजेल, अशी त्याला भीती असावी.

निवृत्त झाला आणि बोटांनी हिशोब चुकता केला. पेरं सुजली, सकाळी कपाचा कान धरवत नाही अशी गत झाली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, बातमी जुनी होती. नवं होतं ते वेगळंच.

"बाबा, माळ्यावर ती लहान खाट आहे ना, कठड्याची? ती मला दे. बाळासाठी."

"नवीन घेऊ की. बाजारात ढिगानं मिळतात."

"मला तीच हवी आहे. मला कधी झोपू दिलं नाहीत त्यात. माझ्या बाळाला तरी झोपू दे."

बायको शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि गॅस बंद करायला म्हणून आत गेली. गॅस चालू नव्हताच.

ती खाट त्यानं पहिल्या मुलासाठी केली होती. फिकट रंगाचं मऊ लाकूड, चारी बाजूंना कठडा, आणि वरच्या पट्टीला असा हात फिरवलेला की बाळाच्या गालाला लागलं तरी कळू नये. मुलगा त्यात उभं राहायला शिकला. दात येऊ लागले तेव्हा पट्टी दोन्ही हातांनी धरून ती कुरतडत बसायचा. बाप कामावर निघाला की कुर्र, कुर्र असा आवाज दारापर्यंत पोचवायला यायचा. मग त्याला ताप आला, साधाच वाटला, वाढत गेला, आणि एका दुपारी डॉक्टरांनी नुसती मान हलवली. खाट चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. फोटो बायकोनं आपल्या बहिणीकडे ठेवायला दिले, ते परत मागितले नाहीत. मुलगी झाली ती दोघांच्या मध्ये झोपून मोठी झाली. त्या मुलाचं म्हणावं असं घरात काही उरलं नव्हतं. उरले होते ते वरच्या पट्टीवरचे दात. बारीक बारीक खड्डे, एका ओळीत.

माळ्यावरून उतरवलेली खाट मागच्या खोलीत ठेवली. बायको दारातच थांबली.

"द्यायची तर देऊ," ती म्हणाली. "पण ते आधी गेले पाहिजेत. त्यांच्यासकट मी पोरीचं बाळ त्यात निजवणार नाही. माझ्याच्यानं व्हायचं नाही, अहो."

"बरं," तो म्हणाला.

आयुष्यातली सगळी भांडणं त्यानं एका 'बरं'वर मिटवली होती. हे 'बरं' मात्र काही मिटवणारं नव्हतं. ती ज्याला नुसतं 'ते' म्हणत होती, तो त्याचा मुलगा होता. तो पुसायचा, आणि पुसायचा तोही बापानं.

खाट खाली आली त्या दिवसापासून घराला आवाज लागला. दुपारी सगळं सामसूम झालं की मागच्या खोलीतून कुर्र, कुर्र. तो म्हणाला, उंदीर असेल. पिंजरा आणला, पावाचा तुकडा लावला. तुकडा वाळून कडक झाला, उंदीर काही आला नाही. बायको त्या खोलीवरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. तिलाही आवाज येत होता हे त्यानं ओळखलं, आणि विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, ही पंचाईत.

हातानं घासणं आता शक्य नव्हतं. ही एक गोष्ट त्याला बरीच वाटली. मशीन आणायचं, म्हणजे जे काय होईल ते मशीन करील.

हत्यारांचं दुकान दोन रस्त्यांपलीकडे होतं. दुकानदार बोलका, गिऱ्हाइकाला घरी सोडायला येईल इतका. त्यानं काउंटरवर मशिनं मांडली.

"हे पट्ट्याचं, काका. दाराला, फळ्यांना एक नंबर."

"लाकूड खातं किती?"

"भरपूर!"

"मग नको."

"हे चौकोनी बुडाचं. नुसतं थरथरतं, हलकं आहे, कडेपर्यंत जातं. आणि हे गोल चकतीचं. चकती फिरते पण आणि डोलते पण, त्यामुळे चरे एकावर एक बसत नाहीत. बारीक कामाला हेच नेतात लोक. वेग कमीजास्त करायचं बटण इथं, भुसा पिशवीत."

मखमलनं खिशातून लाकडाचा तुकडा काढला. त्यावर दातांचे खड्डे होते. सकाळी अंगणात उभं राहून त्यानंच तो तुकडा चावला होता, कारण परीक्षा घ्यायची तर नीट घ्यावी.

"कुत्रं पाळलंय वाटतं?" दुकानदार म्हणाला.

"हो," मखमल म्हणाला.

तुकडा शिकंज्यात धरून त्यानं गोल मशीन चालवलं. खड्डे पसरट झाले, उथळ झाले, गेले. त्यानं मशीन बंद केलं, तरी तळहातातली थरथर थांबेना. कुणीतरी लहान मुठीत बोट धरून ठेवावं तसं वाटत राहिलं. त्यानं हात खिशात घातला.

"चकतीचे गोल चरे राहतात," तो म्हणाला. "पॉलिशचा पहिला हात मारला की वर येतात."

"घासायचा पेपर बारीक लावा, दाबू नका, राहणार नाहीत. तुम्हाला मी काय सांगायचं!"

"पिशवी ढिली आहे." असं म्हणून तो निघून आला.

पुढच्या खेपेला त्याला मशीनचा आवाज जास्त वाटला. त्याच्या पुढच्या खेपेला वायर आखूड. मग मूठ जाड. घरी दर वेळी दातांनी चावलेला नवा तुकडा तयार होत होता, आणि एकदा तर खरोखरच त्याच्या दाढेचा टवका उडाला. शेवटी दुकानदारानं हात जोडले.

"काका, तुम्हाला मशीन घ्यायचंय, की मला सून करून घ्यायचीय? इतक्या खोडी माझ्या लग्नात कुणी काढल्या नव्हत्या."

मखमल हसला नाही. मुलीचे दिवस भरत आले होते, आणि बायकोनं सकाळी एवढंच विचारलं होतं, "नाही जमलं का अजून?" त्या आवाजात राग असता तर त्यानं आणखी महिना काढला असता. राग नव्हता. त्यानं गोल चकतीचं मशीन उचललं, बारीक पेपर घेतले, पैसे दिले.

खाट त्यानं अंगणात उन्हात काढली. बायको आत होती. त्यानं कठडे घासले, पाय घासले, बूड घासलं. वरची पट्टी शेवटी. तिच्यावर मशीन ठेवण्याआधी त्यानं सुजलेल्या बोटानं एकेक खड्डा चाचपला आणि मोठ्यानं म्हणाला, "माफ कर बाळा." मग बटण दाबलं. मशीन चांगलं होतं. चांगल्या मशीनला वेळ लागत नाही. बघता बघता पट्टी सपाट, कोरी, जशी कुणी धरलीच नव्हती. त्याला कुणीतरी दुसऱ्यांदा मान हलवून दाखवली होती.

कामाची सवय वाईट. पॉलिशच्या आधी लाकडावरून ओलं फडकं फिरवायचं, त्यानं बारीक तंतूंची कूस वर येते, ती वाळली की शेवटचा पेपर मारायचा. हे त्याचे हात झोपेतही करतील. त्यानं केलं. खाट वाळत ठेवली आणि पायरीवर बसला.

उन्हात पट्टी वाळली. त्यानं बोट फिरवलं आणि बोट अडखळलं.

आता कारखान्यातला कालचा पोऱ्यासुद्धा हे जाणतो: लाकडाला खड्डा पडला तर आधी पाणी आणि गरम इस्त्री, खड्डा फुगवून वर घ्यायचा, आणि मगच पेपर. कारण खड्ड्यात लाकूड गेलेलं नसतं, ते दाबलं गेलेलं असतं. तसंच घासून सपाट केलंत, तर पुढे पाणी लागताच ते दबलेलं लाकूड फुगून वर येतं, आणि खड्डा होता तिथे उंचवटा उभा राहतो. हे मखमलनं कित्येकांना शिव्या घालून शिकवलं होतं. तोच विसरला, की त्याच्या हातांनी विसरायचं ठरवलं, हे मला विचारू नका.

पट्टीवर बारीक दाणे उभे होते. एका ओळीत.

"झालं का?" बायको दारातून म्हणाली. तोंड तिनं भिंतीकडे केलं होतं. "गेले?"

त्यानं दाण्यांवर तळहात झाकला. तिनं वाट पाहिली, मग तशीच, न बघता पुढे आली.

"मी बघणार नाही. माझा हात धरा आणि फिरवा. मला खात्री करून घ्यायची आहे."

"थांब जरा. आणखी एक पेपर मारतो, मग—"

"धरा हात."

त्यानं तिचा हात धरून पट्टीवर ठेवला. तिनं डोळे मिटले. बोट कोऱ्या लाकडावरून सरकत गेलं, दाण्यांपाशी आलं आणि थांबलं. मग हळूहळू, एकावरून दुसऱ्यावर, पुन्हा मागे. एवढ्या वर्षांत ते खड्डे तिनं फक्त पाहिले होते; हात कधी लावला नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

"अहो," ती म्हणाली, आणि आवाज अगदी तरुण बाईचा होता, "दात येताहेत त्याला."

तो रडला. लाजबीज काही वाटली नाही.

मग त्यानं नाक पुसलं आणि मशीनकडे हात केला. "एकदा फिरवलं की जातील. आता गेले की परत यायचे नाहीत. तू म्हणशील तसं."

"खबरदार हात लावाल तर," ती म्हणाली. तिचं बोट तिथंच होतं, आणि डोळे अजून मिटलेले. मग जरा घाबरून तिनं विचारलं, "पोरीच्या बाळाला टोचणार नाहीत ना?"

"नाही," तो म्हणाला. "नवे आहेत अजून."