उसना मासा

‘उसना’ हा शब्द शहरी मराठीतून आता जवळजवळ गेलाच, म्हणून आधी त्याचा अर्थ सांगतो. उसने म्हणजे कर्ज नव्हे. कर्जाला कागद लागतो, उसन्याला शेजार लागतो. वाटीभर साखर आणायची ती वाटीभर साखरच परत करण्यासाठी. आणि परत करताना वाटी थोडी शिगेला न्यायची, हा त्यातला न लिहिलेला नियम. मासाही उसना मिळतो, हे मात्र मला कॅनडात आल्यावर कळले.

आमची मंडळी तिघांची. कांबळे पोलादाच्या कारखान्यात अभियंता. सावंत इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. आणि मी, एके काळचा संस्कृतचा मास्तर, इथे विद्यापीठाच्या ग्रंथालयात. गेली नऊ वर्षे ऑक्टोबर लागला की दर शनिवारी आम्ही हॅमिल्टनहून तासाभरावरच्या एका नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहतो. नऊ वर्षांत मासे काही जमले नाहीत. किस्से मात्र न बोलावता जमत गेले.

*

हवा असतो तो स्टीलहेड: सरोवरात वाढून शरद ऋतूत नदी चढणारा, हातभर लांबीचा, पोलादी पाठीचा ट्राउट. त्याला धरायचे ते माशीच्या गळाने. म्हणजे गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून किड्याचा आभास निर्माण करायचा आणि जड दोरीच्या हेलकाव्याने तो पाण्यावर टाकायचा. खरे आमिष त्यात काहीच नसते.

पहिल्या दिवशी हे ऐकून कांबळे म्हणाले, “म्हणजे निवडणुकीसारखंच!”

दोरी टाकण्याचा सराव त्यांनी आपल्या इमारतीच्या पार्किंग लॉटमध्ये केला. तिसऱ्या दिवशी त्यांचा गळ शेजारच्या वृद्ध बाईंच्या लोकरी टोपीत अडकला आणि टोपी गाड्यांवरून उडत कांबळ्यांच्या पायाशी आली. बाईंनी ती शांतपणे पुन्हा डोक्यावर घातली आणि विचारले, “आर यू कीपिंग मी, ऑर रिलीजिंग?”

*

माश्या आम्ही घरीच बांधतो. सावंतांच्या बेसमेंटमध्ये त्यासाठी टेबल, दिवा, चिमटे, मोराची पिसे असा सरंजाम आहे. एकदा दोन तास खपून सावंतांनी एक माशी सिद्ध केली आणि अभिमानाने तेरा वर्षांच्या मुलीपुढे धरली.

तिने ती नीट न्याहाळली. “बाबा, दॅट्स नॉट अ फ्लाय. दॅट्स लिंट.” लिंट म्हणजे खिशाच्या तळाशी साठणारा कापडाचा भुगा.

“अगं, माशाला काय कळतंय!”

“देन व्हाय हॅव यू नेव्हर कॉट वन?”

*

कांबळे आंबेडकर जयंतीच्या समितीचे चिटणीस. वेळ पाळणे आणि इतिवृत्त लिहिणे, या दोन सवयी ते नदीवरही घेऊन येतात. आमच्या शनिवारांची वही त्यांच्याकडे आहे. तीत तारीख, हवामान, उपस्थिती आणि शेवटी ‘मासे’ असा रकाना. त्यात नऊ वर्षे एकच शब्द, ‘निरंक’.

एका वर्षी मी सुचवले, “कांबळे, निदान ‘प्रयत्न चालू’ असं तरी लिहा.”

“सर, खोटं इतिवृत्त मी लिहीत नाही. सभा तहकूब झाली असं लिहू का?”

*

उसन्या माशाची प्रथा ग्लेनमुळे सुरू झाली. ग्लेन हा निवृत्त बसचालक, लाल चौकटींच्या सदऱ्यातला. त्याला मासे लागतात. का लागतात हे त्यालाही सांगता येत नाही. धरलेला प्रत्येक मासा तो पुन्हा पाण्यात सोडतो. आमची दुसऱ्या वर्षीची दैना पाहून त्याने एकदा आपला मासा सावंतांच्या हातांत ठेवला आणि त्यांच्या मनगटाला खालून आधार दिला. “टेक युअर पिक्चर, बडी. ही हॅज प्लेसेस टू बी.”

सावंतांनी फोटो देवगडला आईला पाठवला. आईंनी तो गावभर दाखवला. मग दर वर्षी एक मासा, एक फोटो, आणि फोनवर तो कसा लागला याचे वर्णन. वर्णनशैली वर्षागणिक समृद्ध होत गेली.

मी मात्र उसना मासा कधी घेतला नाही. ग्लेनने देऊ केला तरी नाही. “जे आपले नाही ते हातात धरून हसायचे कसे? मी तर शब्दही उसने घेत नाही,” असे मी एकदा पाण्यात उभ्याउभ्या सुनावले.

कांबळ्यांनी विचारले, “मग सर, मघाशी गाडी थांबवून तुम्ही ‘वॉशरूम, वॉशरूम’ करत धावलात ते?”

त्या वेळी प्रसंग निकडीचा होता, त्याची चर्चा मी वाढवली नाही.

*

या वर्षी सावंतांच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या. येताना पिशवीत घरचा मालवणी मसाला, आणि फोनमध्ये ते सगळे फोटो. पहिल्याच रविवारी जेवणानंतर त्यांनी ते आम्हा सर्वांसमोर एकामागून एक पुढे सरकवले. मग चष्मा वर केला.

“झिला, मासो दर वर्साक बदलता. ह्यो हात काय बदलणा नाय.”

प्रत्येक फोटोच्या कडेला लाल चौकटींची बाही होती!

सावंत छताकडे पाहू लागले. नात हसत सुटली. आई रागावल्या नाहीत. ते अधिक वाईट झाले. एवढेच म्हणाल्या, “मसालो मी थयसून हाडलंय. मी जाईसर एकदा तरी तुझ्या हातचो मासो टोपात पडाक होयो.”

मसाल्याची बरणी फ्रिजच्या दारात उभी राहिली. सावंत दूध घ्यायलाही फ्रिज उघडेनासे झाले.

*

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. मंगळवारी आईंचे विमान. साडीवर मुलाचे जाड जॅकेट घालून त्या काठावर घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी बर्फाची पेटी, झाकण उघडे.

अकराच्या सुमारास सावंत ओरडले, “सर, लागला!”

काठी कमानीसारखी वाकली होती. वीस मिनिटे सावंत, नदी आणि मासा यांची ओढाताण चालली होती. ग्लेन जाळे घेऊन आला, ते त्याने सावंतांच्या हाती दिले आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. “नो, सर. धिस वन इज युअर्स.”

मासा जाळ्यात आला. कांबळ्यांनी घोषणा केली, “लायसन्सवर एक मासा घरी नेता येतो. नियम दोनदा वाचलाय.” वहीतला ‘निरंक’ खोडण्यासाठी त्यांनी पेनही काढले.

आणि तेव्हा मी म्हणालो, “सावंत, जरा माझ्याकडे देता? एकच फोटो.”

“सर,” कांबळे म्हणाले, “उसना?”

“हो. उसना.”

सगळे हसले. सावंत तर इतके खुशीत होते की त्यांनी मासा स्वतः माझ्या ओंजळीत ठेवला. मी गुडघे टेकून पाण्यात बसलो. तो थंड होता, जड होता. कांबळ्यांनी फोन धरला. “हं, झाला.”

मग पाण्यावर एक वलय उमटले, आणि ते पसरत गेले.

सावंत एका दगडावर बसले. तेवढ्यात काठावरून आवाज आला, “निसटलो! पाण्यातलो मासो तो, निसटतलोच. मास्तरांनू, तुमी उठा आधी, थंडी बाधतली.”

त्या दिवशी मसाला गोठवलेल्या कोलंबीला लागला. सावंतांनी मला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढले. त्यांच्या माशाचा एकमेव फोटो माझ्या हातातला आहे. त्याच्या कडेला सावंतांची निळी बाही दिसते. आईंनी तोच आपल्या भावाला देवगडला पाठवला आणि फोनवर सांगितले, “मासो धरून बसलेल्या मास्तरांक बघू नको. तो बाजूचो हात बघ. तो माझ्या झिलाचो.”

हा किस्सा आता दूरच्या शहरांतल्या मराठी घरांतही सांगतात, आणि सर्वत्र मासा माझ्या हातून निसटतो. तेवढा तपशील चुकीचा आहे. मासा निसटला नाही. मी हात उघडले; नऊ वर्षांत मला न लागलेला मासा सावंतांना लागलेला मला पाहवला नाही. आणि ‘निसटलो’ हा शब्द सर्वांत आधी उच्चारणाऱ्या आई त्या वेळी माझ्या हातांकडेच पाहत होत्या; तो शब्द त्यांनी मला उसना दिला.