वांग्याच्या धुरातला प्रबंध

जळगाव जिल्ह्यात असा एकही माणूस उरला नसेल, ज्याला आमच्या मुख्याध्यापकांनी "हे तुम्ही स्वतः निवडलंत का?" असं विचारलेलं नाही. एस.टी.च्या कंडक्टरला विचारलं, तर तो तिकिटं द्यायचं विसरून असोद्यापासून जळगावपर्यंत आपली कहाणी सांगत राहिला. दाताच्या डॉक्टरांना विचारलं, तेही स्वतःच्या तोंडात यंत्र असताना. डॉक्टरांनी यंत्र काढलं, "वडिलांनी" एवढंच म्हणाले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. फैजपूरच्या एका लग्नात तर सरांनी आहेर हातात देता देता नवरदेवालाच विचारलं. "शिक्षणाबद्दल म्हणतोय मी," असा खुलासा त्यांनी लगेच केला, पण तोवर नवरीच्या मामांचा चेहरा उतरला होता. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब या प्रश्नावर असे काही खुलले, की त्यांना तबला शिकायचा होता हे साऱ्या शाळेला कळलं आणि तपासणी राहून गेली. मी पर्यवेक्षक. तपासणीच्या फायली रंगवार लावून ठेवल्या होत्या. त्या तशाच परत कपाटात गेल्या.

या सगळ्याचं कारण सरांचा प्रबंध. बारावीनंतर मुलं कुठे जातात आणि ते नक्की कोण ठरवतं, या विषयावर ते पीएच.डी. करत होते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना माणसं घराला रंग देतात, गुडघे तपासून घेतात. सरांनी विद्यापीठात नाव नोंदवलं.

शाळा चालवायची त्यांची रीतही निराळी. "मुख्याध्यापकानं खोलीत बसू नये, वाटेत बसावं," म्हणत त्यांनी आपली खुर्ची पाण्याच्या टाकीजवळ नेली. तहान सगळ्यांनाच लागते, त्यामुळे शाळेतली प्रत्येक बातमी त्यांना ओल्या तोंडानं कळायची. मी सह्यांचे कागद घेऊन गेले की ते मांडीवर ठेवून सही करायचे, वर पाण्याचे शिंतोडे. दर दिवाळीच्या सुट्टीत बारावीच्या प्रत्येकानं काहीतरी काम करून स्वतः थोडं कमवायचं, असा त्यांचा फतवा होता. कुणी केळीचे वेफर्स विकायचं, कुणी मामाच्या दुकानात मोबाइलच्या काचा बदलायचं. पालक तक्रार घेऊन आले की सर म्हणायचे, "स्वतःच्या कमाईचा चहा प्यायलेलं मूल वेगळ्या आवाजात बोलतं. ऐकून तर बघा."

पण ऐकायचं कसं, हीच अडचण होती. आपल्याकडे मुलाला प्रश्न विचारला की उत्तर बाप देतो. बाप नसला तर काका, काका नसला तर पलीकडच्या ओट्यावरचे आबा. "त्याले काय इचारता सर, मले इचारा ना!" एवढं प्रत्येक मुलाखतीत ठरलेलं. सर वैतागून गेले होते. मग एका हिवाळ्यात, शेतातल्या भरीत पार्टीत, त्यांना मार्ग सापडला. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर, वांगी भाजायची, साल काढायची आणि लाकडाच्या भांड्यात मुसळीनं ठेचायची, ही आपल्याकडे पुरुषांची मानाची कामं. बाप एकदा ठेचायला बसला की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि मुसळी दुसऱ्याच्या हातात द्यायला तो तयार नसतो. तेवढ्या वेळात सर मुलाला बांधावर नेऊन हवं ते विचारायचे. त्यानंतर त्यांचं सगळं संशोधन भरिताच्या हंगामातच झालं. वांगी, मिरच्या, कांद्याची पात, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणि मुलाखतीची मुलं अशी एकच यादी मी करायचे. सरांच्या मार्गदर्शकांनी म्हणे एकदा विचारलं होतं, "तुमच्या कागदांना धुराचा वास कसा येतो?"

नियम मात्र कडक. "संशोधकानं फक्त ऐकायचं, मॅडम. मध्ये पडलं की नमुना बाद."

असोद्याच्या नानांच्या मळ्यात तो नियम मोडला. त्यांची मुलगी प्रतीक्षा बारावीला होती. तिला डी.फार्मला घालायचं, रोज बसनं जाऊन येऊन, हे नानांनी ठरवून नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं. नाना ठेचत होते, आम्ही बांधावर. प्रतीक्षा खाली बघत म्हणाली, "मला धुळ्याला जायचंय सर, शेतीच्या पदवीला. सुट्टीत मी रोपवाटिकेत केळीची रोपं लावते, त्यात वसतिगृहाचं भागेल. पण नानांना नका सांगू."

सरांनी लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं, उठले आणि हाक मारली, "नाना, मुसळी थांबवा जरा."

मुसळी थांबली. सर प्रतीक्षाला म्हणाले, "मी परत विचारतो. तुला काय करायचंय?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं.

नानांचा चेहरा लाल झाला. "पोरगी कमावते अन् शिकते, मंग बापानं काय करावं? भरीत ठेचावं? लोक काय म्हनतीन?"

"रोपं लावते तेव्हा लोक काही म्हणत नाहीत, नाना," सर म्हणाले.

नाना प्रतीक्षाकडे वळले. "मले कधी सांगलं नाही तू!"

"तुम्ही कधी थांबले?"

नाना पुन्हा ठेचायला लागले, पण हळू. केळीची पानं मांडली, पंगत बसली. मग नानांनी पहिलं भरीत प्रतीक्षाच्या पानावर वाढलं, वर दोन पुऱ्या ठेवल्या. "खाय पोटभर. धुयाले अशी कयन्याची पुरी मियत नाही."

प्रतीक्षा रडत रडत हसली. सर मात्र धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचे. चिडले की थेट अहिराणीवर येतात. "भेटत नही कशी? आमनाकडे बी भेटस!"

ती मुलाखत त्यांनी प्रबंधातून काढून टाकली. "मध्ये पडलो ना मी," म्हणाले आणि तिसरी पुरी घेतली.

सर निवृत्त झाले. प्रबंध अजून अपुराच आहे. टाकीजवळची खुर्ची मोडकळीला आली आहे. टाकाऊ सामानाच्या यादीत मी ती दर वर्षी लिहायची ठरवते आणि दर वर्षी राहते. या हिवाळ्यात नानांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. राहिलेल्या मुलाखती उरकू, म्हणून सर वही घेऊन आले, पण काही जमेना. त्यांनी कुठल्याही मुलाला प्रश्न विचारला की मुसळी थांबायची आणि सगळी वडीलधारी मंडळी कान देऊन बसायची. असोद्यात आता तशी पद्धतच पडली आहे.

"मनं संशोधन बुडी गयं हो, मॅडम!" सर म्हणाले. इतक्या आनंदानं स्वतःचं नुकसान सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. मग वही मिटता मिटता त्यांना काहीतरी आठवलं. "अरे, तुमचं राहिलंच की. शिक्षिका व्हायचं तुम्ही स्वतः निवडलंत का?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं टाळत आले होते. सर, आधी बदली तास लावू द्या. सर, आज पगारपत्रक आहे. तसंच काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, पण मळ्यात बदली तास कुठून आणणार?

धुळ्याहून सुट्टीला आलेली प्रतीक्षा त्या दिवशी ठेचायला बसली होती. नानांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब वं, मॅडम बोलू राह्यल्या."