भिंतीकडे तोंड केलेले ओटे

समोरच्याचा शेवटचा शब्द ती हलकेच परत उच्चारायची, म्हणजे माणूस पुढे बोलायचा. बायका जमिनीवर बसल्या असतील तर हिला खुर्ची नको. चहा कितीही गोड असो, तळापर्यंत प्यायची. रिकामे हात तिला खुपत, बोलता बोलता कुणाचंही धुणं पिळून द्यायची. वस्तीतल्या बायकांनी तिचं नाव ठेवलं चौकशीताई.

ती मानवशास्त्र शिकलेली. माणसं अशी का वागतात ते आधी समजून घ्यायचं, मग त्यांच्या उपयोगी पडायचं, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. पाणीखात्याने तिला एका प्रश्नासाठी नेमलं. वस्तीत नळ आले, धुण्याचे ओटे झाले, तरी बायका लांबच्या कालव्यावरच का जातात?

अख्खा हिवाळा ती कालव्याच्या पायऱ्यांवर बसली.

"घरात भिंतीसुद्धा सासूच्या बाजूच्या," एक म्हातारी म्हणाली. "इथं मोकळं बोलता येतं. तुमचे ओटे बघ की! शिक्षा झालेल्या पोरींसारखं भिंतीकडे तोंड करून धुवायचं."

सगळ्या हसल्या. त्याच पायऱ्यांवर एका सुनेने तिला पाठीवरचे वळ दाखवले.

तिने अहवालात लिहिलं, बायका पाण्यासाठी नाही, एकमेकींसाठी कालव्यावर जातात. ओटे समोरासमोर बांधा.

खात्याच्या साहेबांनी पहिलं वाक्य तेवढं उचललं. "गप्पा कुटायला जातात होय? रस्ता बंद करा. झक मारत नळावर येतील."

पायऱ्यांना तारेचं कुंपण पडलं. बायका नळावर आल्या. साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली.

ती वस्तीत गेली, तर दारं लागली. म्हातारी तेवढी उंबऱ्यात उभी राहिली. "आम्ही तुला बसायला जागा दिली, बाई. तू आम्हालाच उठवलंस."

ताई नाही. बाई.

"वळ दाखवलेली ती सून कशी आहे?"

"घरात आहे. जाणार कुठं आता?"

तिने खात्यात खेटे घातले. साहेब म्हणाले, "योजना यशस्वी झाली. आता मुडदे कशाला उकरता?" शेवटी तिने कुणाला न विचारता एक गवंडी गाठला आणि कडेचा एक ओटा फोडून उलटा बांधून घेतला. तोंड वस्तीकडे.

म्हातारी आली. ओट्यावर हात फिरवून बसली. समोर मोकळी जमीन.

"इथं बसून मी कुणाशी बोलू? वाऱ्याशी?"

"समोरचा बांधते ना. उद्याच."

"बांध. मग बघू."

तिने लगेच खडूने जागा आखली, गवंड्याला सकाळी यायला सांगितलं. घरी जाताना रस्त्यातच कोसळली, ती परत उठलीच नाही. डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती.

गवंडी सकाळी आला, थांबला, सामान उचलून गेला. समोरचा ओटा बांधायचा राहिला.