हलक्या हाताचा मामा

जगातली कुठलीही गोष्ट जोर लावून हलत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा मामा. ऐंशीच्या दशकात मुलुंडला त्याचा दातांचा दवाखाना होता. वाकडे दात सरळ करायला तो तार इतकी हलकी बांधायचा की बांधून घेणाऱ्याला वाटे, डॉक्टर विसरलेच. "दाताच्या मुळाभोवती जिवंत पेशी असतात रे," तो म्हणायचा. "हलकं दाबलं की कामाला लागतात, जोरात दाबलं की भडकतात. मग सूज, आणि दात खिळखिळा." घरातही हाच कायदा. लोखंडी कपाट खिडकीखाली न्यायचं, तर हा गृहस्थ रोज अंघोळीनंतर त्याला तळवा लावून हलकेच रेटणार. "निघालंय," मामी पाहुण्यांना सांगायची, "माझ्या साठीपर्यंत पोचेल."

माझ्या धाकट्या बहिणीचे पुढे आलेले दात त्याच्याच हाती होते. मार्गशीर्षात मंडळी तिला बघायला येणार ठरलं आणि आईचा धीर सुटला. "अरे, तार जरा आवळ ना!" ती मामाला म्हणाली. मामा ढिम्म. मग आईनं स्वतःच उपाय काढला: रोज दिवेलागणीला रामरक्षा संपेपर्यंत बहिणीनं अंगठ्यानं दात आत दाबायचे. आई ती मुद्दाम सावकाश म्हणायची. थोड्याच दिवसांत हिरड्या टम्म सुजल्या, रक्त येऊ लागलं आणि समोरचा एक दात हलायला लागला. मामानं तारच काढून टाकली. "आता दात वाचला तर वाचला," तो म्हणाला. बहीण आरशासमोर रडत बसली. मंडळी आली तेव्हा मामानं त्यांना तोंडावर सांगितलं, "मुलगी आज हसणार नाही. मीच मना केलंय." स्थळ गेलं. आईनं भावाशी बोलणं टाकलं.

तरी तो दर रविवारी यायचा. दाताला बोट लावून बघायचा आणि मुकाट्यानं निघून जायचा. पुढे कधीतरी आईनं न बोलता चहा ठेवला, मग चहाबरोबर चकली आली. दात घट्ट झाला त्या रविवारी तिनं विचारलं, "जेवून जातोस ना रे?"

मामा गेला तेव्हा कपाट खिडकीपासून दोन हात अलीकडे होतं. "देऊ का सरकवून?" मी मामीला विचारलं. "नको रे," ती म्हणाली, "घाई त्यांना आवडायची नाही." निघताना बहिणीनं कपाटाला तळवा लावला आणि हलकेच रेटलं. अजूनही ती मुलुंडला गेली की तेवढं करून येते.