एकविसाव्या पानावरची चांदणी

आमच्या वाचनालयात पुस्तक वाचून झालं की सभासद एकविसाव्या पानावर पेन्सिलीनं आपली खूण करतात, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी जात नाही. खडकीच्या कारखान्यातले जयसिंगराव फुली मारायचे. त्यांना तीनच विषय चालायचे. अध्यात्म, कारण मन थाऱ्यावर येतं. पत्त्यांमधल्या ब्रिजची बोली, कारण भिडूच्या मनातलं ओळखायला मिळतं. आणि विज्ञानकथा, कारण तिथे त्यांचा साहेब नसतो.

पण प्रत्येक पुस्तकात त्यांच्या फुलीआधी कुणाची तरी चांदणी असायचीच. नव्याकोऱ्या पुस्तकातसुद्धा! ते नुसते जळफळायचे. एकदा ब्रिजच्या पुस्तकात त्या चांदणीवाल्यानं समासात बोली सुधारलेली दिसली, आणि ती बरोबर होती. मग मात्र रविवारी ते तावातावानं माझ्या टेबलाशी आले.

"नवीन पुस्तक माझ्याआधी कोणाला देता?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. "गेली नऊ वर्षं पुस्तक बदलायला तुम्ही कोणाला पाठवता?"

त्यांच्या पत्नी शालूताई यायच्या. मला वाटलं, चांगला भिडू मिळत नाही म्हणून जन्मभर रडणारा हा माणूस आता घरी धावत जाईल. छे! दुसऱ्या दिवसापासून कारखाना सुटल्यावर स्वतःच पुस्तक बदलायला येऊ लागले.

आठवड्यानं शालूताई आल्या आणि स्वतःच्या नावानं सभासद झाल्या.

आता जयसिंगराव संध्याकाळी येतात आणि नव्या पुस्तकाच्या प्रतीक्षायादीत दुसऱ्या नंबरवर आपलं नाव लिहून जातात. पहिल्या नंबरवर दुपारीच चांदणी काढलेली असते.